घाटातील ऊस वाहतूक : हिशेब फडातच करावा



हंगाम सुरू झाला की गट कार्यालयात येणारे प्रश्न ठरलेले असतात. तोड कधी मिळणार, टोळी कुठे अडकली, काट्यावर वजन किती भरले, बिल कधी निघणार. फडातून निघालेला ऊस काट्यापर्यंत कोणत्या रस्त्याने आणि कसा येतो, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. ट्रॉली बांधावरून हलली की आपली जबाबदारी संपली आणि वाहतूकदाराची सुरू झाली, असा आपला समज असतो. सपाट रानातल्या सभासदाला तो समज एक वेळ परवडेल. पण ज्यांचा ऊस डोंगरपट्ट्यात आहे, ज्यांच्या गाड्या घाट उतरून कारखान्याकडे येतात, त्यांना तो परवडणारा नाही. घाटात ट्रॉली निसटते तेव्हा त्या अपघाताची तयारी पुष्कळदा आपल्याच फडात झालेली असते. म्हणून हा लेख आम्ही ट्रॅक्टर चालवणाऱ्यांसाठी जेवढा लिहीत आहोत, तेवढाच ऊस भरून देणाऱ्या सभासदांसाठी लिहीत आहोत.

चढ खरे बोलतो, उतार गप्प बसतो

भार जास्त झाला की चढावर लगेच कळते. इंजिन धापा टाकते, मागची चाके जागेवर फिरतात, पुढची चाके उचलू लागतात आणि गाडी उभी राहते. मग माणसे जमतात, दुसरा ट्रॅक्टर पुढे जोडला जातो किंवा एक ट्रॉली सोडावी लागते. वेळ जातो, पण बहुधा माणूस वाचतो.

उतारावर असे काही होत नाही. घाटाच्या माथ्यावर गाडी हलकी वाटते, इंजिनाला कष्ट नसतात, डायव्हर निर्धास्त असतो. भार जास्त आहे हे उतार अर्धा संपल्यावर समजते, आणि तेव्हा करण्यासारखे फार थोडे उरते. आपल्या डोंगरपट्ट्यातील बऱ्याच रस्त्यांवर ट्रॅक्टर रिकामा चढतो आणि भरून उतरतो. म्हणजे त्या भाराची परीक्षा चढावर कधी होतच नाही.

यावरून एक साधा नियम निघतो. जो भार त्याच रस्त्याने त्याच ट्रॅक्टरला वर नेता येणार नाही, तो भार त्या ट्रॅक्टरमागे खाली आणू नये. बाकीचा सगळा लेख म्हणजे या नियमाचा खुलासा आहे.

रस्त्याचा उतार मोजावा

उतार डोळ्यांनी ठरवू नये, डोळा फसतो. गवंड्याकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी असते, ती पुरते. रस्त्यावर उताराच्या दिशेने १५ फुटांवर दोन खुणा कराव्यात. दोन माणसांनी नळीची दोन टोके खुणांवर उभी धरावीत आणि पाणी स्थिर झाल्यावर जमिनीपासून पाण्याची उंची मोजावी. वरच्या खुणेवर २ फूट आणि खालच्या खुणेवर ३ फूट भरली, तर १५ फुटांत १ फूट उतार आहे. त्याला आपण पंधरास एक म्हणू.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे डोंगराळ भागातील रस्त्याचा उतार शक्यतो वीसास एक ठेवावा आणि अगदीच इलाज नसेल तेथे तो सुमारे चौदास एकपर्यंत जाऊ द्यावा, असे धोरण आहे. मोठे घाट इंजिनिअरांनी आखलेले असतात. पण वाडी-वस्तीवरून मुख्य रस्त्याला मिळणारे, पाणंदीचे पुढे डांबरी झालेले रस्ते कोणी आखलेले नसतात. तेथे दहास एकचाही टप्पा निघतो. मोजताना सगळ्या रस्त्याची सरासरी काढू नये. सर्वांत तीव्र टप्पा कोणता, तेवढेच पाहावे. गाडी निसटते ती त्या टप्प्यावर.

भार आणि पकड यांचा हिशेब

आता आकडे घेऊ. ट्रॅक्टर २,२०० किलोचा, रिकामी ट्रॉली २ टनांची आणि प्रत्येक ट्रॉलीत ९ टन ऊस आहे असे समजा. दोन ट्रॉल्यांची गाडी साधारण २४ टनांची झाली आणि एका ट्रॉलीची १३ टनांची. प्रत्येकाचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली वेगळी असेल, आकडे थोडे बदलतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

पंधरास एकच्या उतारावर गाडीच्या वजनाचा पंधरावा हिस्सा तिला खाली ओढत असतो. २४ टनांना ही ओढ १,६०० किलो होते. चाकांच्या घासण्यात टनाला सुमारे २० किलोप्रमाणे ४८० किलो ओढ जिरते. उरलेली १,१२० किलो ओढ कोणी तरी धरून ठेवायची आहे.

कोण धरणार? आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. ट्रॅक्टरचा ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर चालतो, आणि इंजिनाचा रोधही त्याच दोन चाकांतून रस्त्यावर उतरतो. म्हणजे २४ टनांची गाडी धरायला दोनच चाके आहेत. ट्रॅक्टरच्या वजनापैकी मागच्या चाकांवर सुमारे १,४०० किलो येते. कोरड्या, स्वच्छ डांबरी रस्त्यावर चाक आपल्यावरच्या वजनाच्या साधारण सहा-दशांश पकड घेते. ती ८४० किलो झाली. पहाटेचे दव, चाकांबरोबर आलेला रानातला चिखल, धूळ किंवा पडलेले पाचट रस्त्यावर असेल तर ही पकड निम्म्यावर, म्हणजे ४२० किलोवर येते.

आता ताळा मांडा. धरायचे आहेत १,१२० किलो आणि पकड आहे ८४० किलोची. ब्रेक कालच नवा टाकलेला असो, डायव्हर वीस वर्षांचा जुना असो, गाडी थांबणार नाही. चाके अडकून घसरत जातील. शिवाय मागून ट्रॉली ढकलते तेव्हा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार आणखी हलका होतो, म्हणजे खरी पकड याहूनही कमीच.

एकच ट्रॉली असेल तर १३ टनांची ओढ सुमारे ८७० किलो, त्यातून २६० वजा जाता ६१० किलो उरते. कोरड्या रस्त्यावर ८४० किलोच्या पकडीत ती बसते. ओल्या रस्त्यावर तीही बसत नाही, हे ध्यानात ठेवावे. आणि रस्ता दहास एक असेल तर एका भरल्या ट्रॉलीचीसुद्धा ओढ १,०४० किलो उरते. तेथे ट्रॉली निम्मीच भरली पाहिजे. साडेचार टन ऊस घेतला तर ओढ ७०० किलोच्या आत राहते.

"इतकी वर्षे दोन ट्रॉल्या उतरतातच की," असे काही जण म्हणतील. उतरतात, कारण बऱ्याच ठिकाणी उतार वीसास एकच्या आसपास असतो, आणि तेथे २४ टनांची ओढ ७२० किलो उरते. ती ८४० च्या आत आहे. पण किती आत? फक्त १२० किलो. एका सकाळी रस्त्यावर दव पडले, पुढे म्हैस आडवी आली, की ते १२० किलो पुरत नाहीत. वर्षानुवर्षे काही झाले नाही याचा अर्थ आपण सुरक्षित होतो असा नाही. आपण कडेकडेने जात होतो, इतकाच त्याचा अर्थ आहे.

वेग दुप्पट, थांबायचे अंतर चौपट

वरच्याच उदाहरणात एका ट्रॉलीची गाडी पंधरास एकच्या कोरड्या उतारावर आहे. पकड ८४० किलो, ओढ ६१० किलो. थांबवण्यासाठी शिल्लक २३० किलो. एवढ्या शिल्लकीवर १३ टनांची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने येत असेल तर थांबायला सुमारे २२ मीटर लागतात. वेग ताशी २० किलोमीटर असेल तर सुमारे ८९ मीटर लागतात. घाटात पुढचे ८९ मीटर दिसतात अशी वळणे किती आहेत, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. तेव्हा घाटात ताशी १० किलोमीटर म्हणजे आळस नव्हे. तोच घाटाचा वेग आहे.

ब्रेक थांबण्यासाठी, उतरण्यासाठी इंजिन

पकडीचा हिशेब जमला म्हणजे काम झाले असे नाही. दुसरा प्रश्न उष्णतेचा आहे. २४ टनांची गाडी १५० मीटर, म्हणजे साधारण पाचशे फूट उंची उतरते, तेव्हा तिच्यातून बाहेर पडणाऱ्या शक्तीने सुमारे १२० लिटर पाणी उकळीला आणता येईल. यातली काही शक्ती चाकांच्या घासण्यात जाते. उरलेली एक तर इंजिनाने घेतली पाहिजे, नाही तर ब्रेकने. ब्रेकवर पाय ठेवून सगळा घाट उतरला तर ती सगळी आग ब्रेकच्या डिस्कमध्ये जमा होते. ब्रेक तापला की त्याचा धर कमी होतो. तेलात बुडालेले ब्रेक कोरड्या ब्रेकपेक्षा जास्त वेळ टिकतात, पण तेलसुद्धा तापतेच.

डिझेल इंजिन लहान गिअरमध्ये असेल आणि डिझेलचा दट्ट्या सोडलेला असेल, तर चाकेच इंजिनाला फिरवू लागतात आणि इंजिन त्यांना अडवते. ती उष्णता रेडिएटर आणि धुराड्यातून निघून जाते, ब्रेक थंड राहतो. म्हणून उतरण्याचे काम इंजिनाला द्यावे आणि ब्रेक थांबण्यासाठी राखून ठेवावा. इंजिनाचे फेरे वाढू लागले तर ब्रेक थोडा वेळ दाबून वेग उतरवावा आणि पुन्हा सोडून द्यावा. सतत दाबून ठेवू नये.

गिअर कोणता? जुन्या डायव्हरांचे उत्तर आहे, ज्या गिअरमध्ये भरली गाडी हा चढ चढेल, त्याच गिअरमध्ये उतरावे. हे उत्तर बरोबर आहे. पण गिअर माथ्यावर गाडी पूर्ण थांबवून घ्यावा. ट्रॅक्टरचा गिअर पुष्कळदा चालत्या गाडीत, भार असताना बसत नाही. मोठ्या गिअरमध्ये निघालेला डायव्हर मधल्या उतारावर क्लच दाबून लहान गिअर घ्यायला जातो. जुना गिअर सुटतो, नवा बसत नाही, दात कर्रकर्र वाजतात, आणि २४ टनांची गाडी कोणाच्याच हातात राहत नाही.

क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून उतरणे हा याच चुकीचा मोठा भाऊ. "उतारच आहे, डिझेल वाचेल," असे म्हणून गिअर काढून टाकला जातो. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा महामार्गाचा लांब उतार सर्वांना ठाऊक आहे. तेथे २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मालवाहू गाडीने पुढच्या कितीतरी वाहनांना धडक दिली. त्या उतारावर गाडी न्यूट्रल करू नये, असे पोलिसांना वाहनचालकांना वारंवार सांगावे लागते. तेथील मोठ्या गाड्यांना सगळ्या चाकांवर ब्रेक असतात. आपल्या ट्रॉलीला तेही नाहीत.

रेल्वेकडून घेण्यासारखा धडा

मुंबई-पुणे मार्गावरील बोर घाटातून रेल्वे १८६३ सालापासून धावते. तेथील तीव्र चढ सदतीसास एक आहे. आपल्या वाडीच्या रस्त्यापुढे तो जवळजवळ सपाटच म्हणावा लागेल. तरीसुद्धा रेल्वे तेथे एकट्या ब्रेकवर विसंबत नाही. गाडीला जादा इंजिने लावली जातात, उतरण्यापूर्वी ब्रेकची तपासणी होते, वेग बांधून दिलेला असतो. एवढे करूनही गाडी निसटलीच तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला घेऊन चढाच्या फाट्यावर थांबवण्यासाठी कॅच सायडिंग ठेवलेले आहे. ज्यांच्याजवळ प्रत्येक डब्याला ब्रेक आहे, ते एवढी काळजी घेतात. आपण मात्र पंधरास एकच्या रस्त्यावर बिनब्रेकच्या दोन ट्रॉल्या एका पिनेवर सोडून देतो.

निघण्यापूर्वी माथ्यावर काय पाहावे

१. ब्रेकची दोन पेडले. शेतात वळण्यासाठी डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे केलेले असतात. रस्त्यावर ती दोन्ही पेडले पट्टीने जोडलेलीच पाहिजेत. एकच पेडल दाबले गेले तर एकच चाक अडकते आणि ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा फिरतो. जोडूनही एका बाजूला ओढत असेल तर ब्रेक सारखे करून घेतल्याशिवाय घाटात जाऊ नये.

२. पिन आणि साखळी. पिन झिजून मधे बारीक झाली असेल तर बदलावी. पिनेच्या खालच्या टोकाला अडकवणी हवीच, कारण खड्ड्यात उसळून पिन वर निघते. तिच्या जागी सळईचा तुकडा घालू नये. शिवाय ट्रॅक्टर व ट्रॉली आणि पहिली व दुसरी ट्रॉली यांच्यामध्ये जाड साखळी बांधावी. पिन गेली तरी दांडी जमिनीवर पडू नये इतकीच ती सैल असावी.

३. टायर. हवा सारखी असावी. मागच्या मोठ्या चाकांत पाणी भरलेले असेल तर टायरच्या आकाराप्रमाणे दोन्ही चाकांत मिळून तीन-चारशे किलो वजन वाढते आणि त्या प्रमाणात पकडही वाढते. गुळगुळीत टायर सपाटीला चालून जातो, दव पडलेल्या घाटात चालत नाही.

४. चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर असेल तर तीव्र उतारावर पुढची चाके जोडून घ्यावीत. इंजिनाचा आणि ब्रेकचा धर मग पुढच्या चाकांनाही मिळतो.

५. दिवे आणि रिफ्लेक्टर. ट्रॉलीच्या मागे उसाची टोके लोंबतात आणि रिफ्लेक्टर झाकतात. भरल्यानंतर मागे जाऊन स्वतः पाहावे. झाकले असेल तर लाल चमकदार कापड मोळ्यांवरून सोडावे.

ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बसवून घेणे हा सर्वांत खरा उपाय आहे. हवेवर किंवा तेलाच्या दाबावर चालणारे ट्रॉलीचे ब्रेक आणि ते जोडण्याची सोय असलेले ट्रॅक्टर आता मिळतात. ज्या चाकांवर भार आहे त्याच चाकांना ब्रेक मिळाला की वरचा सगळा हिशेब आपल्या बाजूने फिरतो. ज्या सभासदांचे किंवा त्यांच्या मुलांचे स्वतःचे ट्रॅक्टर वाहतुकीला आहेत, त्यांनी नवी ट्रॉली घेताना टपाची आणि गाण्याच्या मशिनची चौकशी नंतर करावी, ब्रेकची आधी करावी. गाण्याचा आवाजही घाटात बंदच ठेवावा. मागची ट्रॉली काय बोलते ते डायव्हरला ऐकू आले पाहिजे.

भरताना आणि वळताना

दोन चाकी ट्रॉलीत ऊस मागे जास्त भरला तर बैलगाडीसारखी ती उलाळ होते. दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि होती ती पकडही जाते. म्हणून भार किंचित पुढे असावा. चार चाकी ट्रॉलीत हा दोष नाही, पण उंची दोन्हींना सारखीच नडते. फळ्यांच्या वर मोळ्यांचा मनोरा चढला की वजन उंचावर जाते, आणि वळणावर रस्ता बाहेरच्या बाजूला कललेला असेल तर ट्रॉली तिकडेच झुकते. मोळ्या आडव्या-उभ्या गुंफून, दोराने आवळून बांधाव्यात. एक बाजू जड होऊ देऊ नये.

वळणावर ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाही, ती आतून जाते. दुसरी ट्रॉली त्याहून आतून. नागमोडी वळणावर ट्रॅक्टर नीट निघाला तरी मागच्या ट्रॉलीचे चाक आतल्या कठड्याला किंवा चरात जाते. बाहेरून रुंद वळण घ्यावे आणि समोरचे वाहन आधी जाऊ द्यावे. दोन ट्रॉल्यांची गाडी घाटात मागे घेता येत नाही, हे समोरच्याला ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक असते. वेग वळणाच्या आधी कमी करावा. वळणात ब्रेक दाबला की मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलून आडवा करतात.

चढ असेल तर ट्रॉली ट्रॅक्टरच्या खालच्या दांडीलाच जोडावी. वर जोडली की पुढची चाके उचलतात आणि स्टिअरिंग निकामी होते. पुढे माणसे बसवून ट्रॅक्टर दाबण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती बंद झाली पाहिजे. पुढे वजनच हवे असेल तर लोखंडी वजने मिळतात. चढावर थांबावे लागले तर चाकांमागे लाकडी ठोकळे लावावेत, त्यासाठी दोन ठोकळे गाडीत कायमचे ठेवावेत. वाटेतला दगड लावला असेल तर निघताना तो उचलून बाजूला टाकावा. आपण विसरलेल्या दगडावर रात्री मोटारसायकलवाला पडतो.

आणि तरीही गाडी निसटलीच, तर क्लच दाबू नये, गिअर काढू नये. दरीकडची बाजू सोडून डोंगराकडच्या चरात गाडी घालावी. ट्रॉली मोडेल, ऊस सांडेल. ते सगळे परत उभे करता येते.

उसावर बसणारी माणसे

ही गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. टोळी एका फडातून दुसऱ्या फडात किंवा संध्याकाळी कोपीवर जाताना भरल्या ट्रॉलीवर बसते. बायाबापड्या, काखेत लेकरू, वर वाढ्यांचा भारा. सपाटीवरही ते योग्य नाही. घाटात तर ट्रॉली कलली की आधी वर बसलेली माणसे फेकली जातात आणि मग त्यांच्यावर ऊस येतो. मुकादमाला आणि डायव्हरला आपण सभासदांनी तेथल्या तेथे सांगितले पाहिजे की माणसे भरल्या गाडीवर जाणार नाहीत. शेकडो मैलांवरून आपल्या शेतात कामाला आलेली ही माणसे आहेत. त्यांना सांभाळून पाठवणे हे आपल्या घराचे काम आहे.

"अजून दोन मोळ्या बसव"

आता मूळ मुद्द्यावर येऊ. ट्रॉली किती भरायची हे फडात ठरते. वाहतूकदाराला टनावर पैसे मिळतात, म्हणून तो नको म्हणत नाही. सभासदाला फड एकदाचा मोकळा व्हावा असे वाटते. तोडलेला ऊस उन्हात पडला तर वजन घटते आणि साखरही कमी होते, ही त्याची काळजी खोटी नाही. मग बांधावरून आवाज येतो, "आता राहिलाय कितीसा, अजून दोन मोळ्या बसव की!" असे चार जणांनी चार वेळा म्हटले की टनभर ऊस वाढतो.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे कलम १९४ खाली पासिंगपेक्षा जादा भाराला २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड सांगितलेला आहे. पण दंडाच्या भीतीने हे करावे असे आमचे म्हणणे नाही. वरचा हिशेब पुरेसा आहे.

मग व्यवहार कसा बसवायचा? दोन्ही ट्रॉल्या कारखान्यापर्यंत वेगवेगळ्या नेण्याची गरज नाही. फक्त घाटाचा टप्पा एकेका ट्रॉलीने उतरावा. माथ्यावर एक ट्रॉली सोडावी, दुसरी खाली पोचवून ट्रॅक्टर मोकळा वर यावा, राहिलेली न्यावी आणि पायथ्याशी दोन्ही जोडून पुढे निघावे. घाट ४ किलोमीटरचा असेल तर जादा फेरा ८ किलोमीटरचा पडतो. त्याला तासाभराचा वेळ आणि थोडे डिझेल लागते. तासाभराने उसाचा उतारा बिघडत नाही. या जादा खर्चाचा बोजा एकट्या वाहतूकदारावर टाकला तर तो पुन्हा दोन ट्रॉल्या जोडून उतरेल, म्हणून त्या भागातील सभासदांनी एकत्र बसून आणि शेती विभागाशी बोलून त्याची वाट काढावी.

यासाठी एक गोष्ट सभासदच देऊ शकतात, ती म्हणजे जागा. माथ्यावर आणि पायथ्याशी रस्त्याच्या बाहेर, दोन-तीन ट्रॉल्या उभ्या राहतील एवढी सपाट, मुरूम टाकलेली जागा हवी. जागा नसते म्हणूनच डायव्हर ट्रॉली सोडायला तयार होत नाही, आणि सोडलीच तर रस्त्यावर सोडतो, तो दुसरा धोका. ज्यांची रानं तेथे आहेत त्यांनी हंगामापुरता तेवढा तुकडा मोकळा ठेवला, तर त्यांच्या हातून मोठे काम होईल. सोडलेल्या ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे आणि मागे रिफ्लेक्टर असलाच पाहिजे.

आमची विनंती अशी आहे. डोंगरपट्ट्यातील प्रत्येक गावच्या सभासदांनी तोड सुरू होण्यापूर्वी आपल्या रस्त्याचा सर्वांत तीव्र टप्पा नळीने मोजावा आणि तो आकडा गट कार्यालयात आणून द्यावा. तेथे त्या रस्त्याला किती भार चालेल याचा हिशेब समोर बसून करू. माथ्यावर आणि पायथ्याशी जागा कोण देऊ शकेल तेही त्याच वेळी कळवावे. आणि फडात ट्रॉली भरत असताना, बांधावर उभे राहून, "एवढा पुरे, बाकीचा पुढच्या खेपेला," हे शब्द मालकाच्या तोंडून निघावेत. डायव्हरने तसे म्हटले तर तो अंगचोर ठरतो. मालकाने म्हटले तर गाडी तेथेच सुरक्षित होते.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेती विभाग